शेटलंड-ऑर्कनीची सहल : आखणी शेवटच्या टोकापासून

आमची पहिली चूक म्हणजे विमानाची तिकिटं आधी काढली. आपल्याकडे सहल अशीच ठरते. मुंबई-लंडनचं तिकीट एका रात्री स्वस्त दिसलं, नवऱ्याने फोन पुढे केला, "घेऊ का?", मी म्हटलं, "घे." केरळला, हिमाचलला हे चालून जातं. हॉटेल, गाडी मागाहून मिळतेच. शेटलंडला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रातल्या बेटांवर, नाही चालत. तारखा पक्क्या झाल्यावर जहाजाच्या केबिन बघायला गेलो, तर आमच्या रात्रीच्या सगळ्या भरलेल्या. बेटावर ऑटोमॅटिक गाडी मागितली, तर एकही शिल्लक नाही. शेवटी माझ्या सासूबाई, वय वर्षं 69, उत्तर समुद्रात रात्रभर खुर्चीत बसून गेल्या. तक्रार केली नाही त्यांनी. सकाळी एवढंच म्हणाल्या, "लग्नानंतर लाल डब्यातून रात्रभर पंढरपूरला गेले होते, त्याची आठवण झाली."

तेव्हापासून नौपाड्यातल्या आमच्या ओळखीत कुणी या बेटांबद्दल विचारलं, की मी एकच सांगते. आखणी उलटीकडून करा. सगळ्यात दूरचं, सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी जागा असलेलं जे काही असेल ते आधी पक्कं करायचं, आणि तिथून मागे मागे येत ठाण्यापर्यंत पोचायचं. मुंबईहून लंडनला विमानं भरपूर आहेत. स्कॉटलंडच्या ॲबरडीनहून शेटलंडच्या लेरविकला रात्रीचं जहाज एकच.

बेट निवडताना आधी व्हिसा बघा

उत्तरेची दूरची बेटं म्हटलं की फोटो बघून आपण लोफोटेन, फॅरो, स्वालबार्ड अशी नावं काढतो. फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. कागदपत्रं मात्र वेगवेगळी. लोफोटेन नॉर्वेत, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा. फॅरो बेटं डेन्मार्कच्या छत्राखाली असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. तिथं जायचं तर व्हिसावर फॅरोसाठी वैध असल्याची वेगळी नोंद लागते, आणि ती अर्ज करतानाच मागावी लागते. स्वालबार्डला कुणालाच व्हिसा लागत नाही, हे वाचून लोक उड्या मारतात. पण तिथं जाण्याची वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून आहे. तेव्हा शेंगेन लागतोच, आणि तोही निदान दोनदा प्रवेश देणारा, कारण स्वालबार्डला पाय ठेवलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर.

शेटलंड आणि ऑर्कनीला ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो. लंडन, एडिंबरा, ॲबरडीन, बेटं, सगळं एकाच व्हिसावर. (शेंगेन तिथं उपयोगाचा नाही, हेही लक्षात असू द्या.) गाडी डाव्या बाजूने चालवायची, पाट्या इंग्रजीत. पहिल्यांदाच इतक्या वर जाणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं या दोन द्वीपसमूहांबद्दलच आहे.

आपल्याशी त्यांचा एक गमतीचा धागाही जुळतो. मुंबईची बेटं 1661 च्या तहानुसार पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. शेटलंड-ऑर्कनीचं त्याहून नामुष्कीचं. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला मुलीच्या हुंड्याची रोकड जमेना, म्हणून त्याने 1468 मध्ये ऑर्कनी आणि 1469 मध्ये शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं. ते गहाण आजतागायत सुटलेलं नाही. त्यामुळे तिथली गावांची नावं, झेंडा, होड्यांचे आकार, सगळ्यांत अजून नॉर्वे डोकावतो. लेरविक हे नावच जुन्या नॉर्स भाषेत 'चिखलाची खाडी' या अर्थाचं आहे. ठाण्याच्या माणसाला परकं वाटू नये.

महिना : आपली मे महिन्याची सुट्टी इथं नेमकी बसते

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. दुसरा विचार करू नका. एप्रिल ते जून तिथं त्यातल्या त्यात कोरडे महिने, पफिन पक्षी एप्रिलअखेर कड्यांवर येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत समुद्रावर जातात, आणि आपल्या मुलांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. इकडे घोडबंदर रोडवर डांबर वितळत असताना तिकडे दिवसाचं कमाल तापमान 12 ते 14 अंश असतं.

उजेडाची मात्र मनाची तयारी करून जा. लेरविक 60 अंश अक्षांशावर आहे. जूनच्या मध्याला सूर्य पहाटे पावणेचारच्या आधी उगवतो आणि रात्री साडेदहानंतर मावळतो. मधल्या वेळातही पूर्ण काळोख होत नाही. त्या संधिप्रकाशाला तिथले लोक 'सिमर डिम' म्हणतात. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. भाड्याच्या घरांचे पडदे पुरेसे जाड असतीलच असं नाही.

आमच्या मुक्कामात संकष्टी आली. मी चंद्रोदयाची वेळ काढली, तर मध्यरात्र उलटून गेल्यावरची! आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, "माझा गणपती ठाण्याचा, चंद्रही ठाण्याचाच." ठाणे त्या दिवसांत साडेचार तास पुढे असतं. त्यामुळे त्यांनी संध्याकाळी पावणेसहाला, लख्ख उन्हात, उपास सोडला.

हिवाळ्यात जायचंच असेल तर कारण दोनच: उत्तरेचा प्रकाश, ज्याला शेटलंडमध्ये 'मिरी डान्सर्स' म्हणतात, आणि जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी होणारा 'अप हेली आ' हा मशालींचा उत्सव, ज्यात शेवटी व्हायकिंग पद्धतीचं आख्खं गलबत जाळतात. पण तेव्हा दिवस सहा-सात तासांचा, वारे भयंकर, आणि जहाजं रद्द होण्याची शक्यता जास्त. पहिल्या खेपेला नको.

दिवस मोजा, आणि नकाशावर विश्वास ठेवू नका

ब्रिटनच्या कित्येक नकाशांत शेटलंड एका चौकटीत घालून स्कॉटलंडच्या शेजारी चिकटवलेलं असतं. शेटलंडवाल्यांना याचा इतका राग की 2018 च्या स्कॉटिश बेटांच्या कायद्यात, सरकारी नकाशांनी शेटलंड त्याच्या खऱ्या जागी दाखवावं, असं कलमच आलं. आपल्या आखणीतही ती चौकट घात करते. खरं अंतर बघा: लेरविकपासून ॲबरडीन सुमारे 340 किलोमीटर आणि नॉर्वेचं बर्गन सुमारे 360. म्हणजे ही बेटं जवळपास मधोमध समुद्रात आहेत.

ठाणे ते ठाणे किमान 14 दिवस धरा. शेटलंडला पाच रात्री, ऑर्कनीला चार, जहाजाच्या रात्री, जाता-येता स्कॉटलंडमध्ये मुक्काम, आणि एक रिकामा दिवस. या रिकाम्या दिवसाबद्दल शेवटी सांगते, पण आत्ताच कॅलेंडरवर त्याच्यावर गोल करून ठेवा. दहाच दिवसांची रजा मिळत असेल तर दोन्ही करायचा हट्ट सोडा, फक्त ऑर्कनी करा. तिथं पोचणं सोपं आहे: स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेसला जहाज दीड तासात नेतं.

बुकिंगचा क्रम

आता वही घ्या. आधी बेटावरची गाडी. हो, घराच्याही आधी. शेटलंडची लोकसंख्या सुमारे 23 हजार, म्हणजे ठाण्यातल्या दोन-चार मोठ्या गृहसंकुलांएवढी. भाड्याच्या गाड्या मोजक्याच, त्यात ऑटोमॅटिक आणखी कमी. मग घर. मग जहाजाची केबिन. या तिन्ही गोष्टी निदान सहा महिने आधी, आणि शक्य तितक्या रद्द करता येतील अशा अटीवर, कारण व्हिसा अजून यायचाय. त्यानंतर व्हिसा. विमान सगळ्यात शेवटी. व्हिसा मिळण्याआधी प्रवासाचे पैसे अडकवू नका, असं ब्रिटनचं सरकारही सांगतं.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. कारण खाण्याच्या भागात येईल. पैसे वाचवायचे असतील आणि मंडळी तरुण असतील, तर शेटलंडमध्ये 'बॉड' नावाचा प्रकार आहे. कोळ्यांच्या जुन्या दगडी खोप्या नीट करून साध्या मुक्कामासाठी दिलेल्या असतात. झोपायची पिशवी आपली आपण न्यायची. सह्याद्रीत गुहेत झोपलेल्यांना तो महाल वाटेल, माझ्या सासूबाईंना वाटला नसता.

व्हिसा

अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो मुंबईच्या केंद्रात द्यायचे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. एप्रिल-मेमध्ये गर्दी असते, म्हणून जूनच्या सहलीसाठी मार्चमध्येच अर्ज टाका. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर त्याआधी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र गाठा.

सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणाहून रजेचं पत्र हे नेहमीचंच. एक चूक आपल्याकडे हमखास होते: अर्जाच्या आदल्या महिन्यात मामा-काकांकडून पैसे घेऊन खातं फुगवायचं. अचानक आलेली मोठी रक्कम उलट संशय वाढवते. जे आहे ते दाखवा, आणि मुलगा खर्च करणार असेल तर तसं पत्र जोडा. दुसरी गोष्ट, 'शेटलंडला का जाताय' हे एका पानावर नीट लिहा. लंडन बघायला जाणारे लाखो. लेरविकला जाणाऱ्या ठाणेकर कुटुंबाने दिवसवार कार्यक्रम जोडलेला बरा.

ॲबरडीनपर्यंत, आणि मग जहाज

लंडनहून ॲबरडीनला रेल्वेने सात तासांच्या आसपास, एडिंबराहून अडीच. विमानही आहे, आणि शेटलंडच्या सम्बरा विमानतळावर थेट उतरता येतं. पण सम्बराला धुकं आलं की विमान तसंच परत फिरतं. मी जहाजाच्याच बाजूची आहे.

थेट जहाज संध्याकाळी सातला सुटतं आणि सकाळी साडेसातला लेरविकला लागतं. काही दिवशी ते ऑर्कनीमार्गे जातं, तेव्हा पाचलाच सुटतं. तिकिटावरची वेळ तीनदा वाचा. या मार्गावरच्या दोन जहाजांची नावं 'ह्याल्टलंड' आणि 'रॉसी', म्हणजे शेटलंडचं आणि ऑर्कनीच्या मुख्य बेटाचं जुनं नॉर्स नाव.

सुटल्यावर पहिला तास डेकवर काढा, बंदराच्या तोंडाशी कधी कधी डॉल्फिन दिसतात. मग पोटाचं बघा. मळमळ थांबवणारी गोळी जहाज हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधीच घ्यायची, डॉक्टरांना विचारून. आलेपाक, आवळासुपारी खिशात. उपाशी राहू नका, तुडुंबही जेवू नका. आणि केबिन मिळाली असेल तर आडवे व्हा, आडव्या माणसाला समुद्र कमी त्रास देतो. आईंना काहीच झालं नाही. नवरा, जो एलिफंटाच्या बोटीतही रेलिंगवर बसल्याच्या गोष्टी सांगतो, तो रात्री अकरानंतर बोलेनासा झाला.

हवामानाचा अंदाज रोज बघायची सवय निघण्याच्या आठवडाभर आधीच लावा. बीबीसीच्या रेडिओवर समुद्राचं जे बातमीपत्र असतं, त्यात या भागाला 'फेअर आयल' आणि 'व्हायकिंग' अशी नावं आहेत. त्या नावांपुढे 'गेल', म्हणजे वादळी वारा, हा शब्द ऐकू आला तर जहाज कंपनीचा संदेश आलाय का ते बघा. जहाज उशिरा सुटू शकतं, लवकरही सुटू शकतं.

गाडी

आपला महाराष्ट्राचा इंग्रजीतला परवाना तिथं पर्यटकाला बारा महिने चालतो. मूळ कार्ड न्या, फोनमधलं चित्र दाखवून भागणार नाही. आंतरराष्ट्रीय परवाना कायद्याने लागत नाही, पण काही भाडे कंपन्या मागतात, म्हणून आधी ईमेलवर विचारून ठेवा.

ॲबरडीनला गाडी घेऊन जहाजात चढवण्यापेक्षा पायी चढा आणि लेरविकला गाडी घ्या. ऑर्कनीत पुन्हा दुसरी. एका द्वीपसमूहात घेतलेली गाडी दुसऱ्यात सोडता येईल असं धरून चालू नका.

तीन हात नाक्यावर गाडी चालवणाऱ्याला तिथले रस्ते सोपे वाटतील, आणि तिथंच चूक होते. कारण बरेच रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो, त्याला 'पासिंग प्लेस' म्हणतात. समोरून गाडी आली की जो जागेच्या जवळ, तो थांबतो. जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबा, समोरचा आत वळून जाईल. उजवीकडे कधीही घुसू नका. मागे स्थानिक गाडी चिकटली असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या, ती कामाला निघालेली असते. आणि पुढे जाताना हात वर करायचा. प्रत्येक वेळी. दुसऱ्या दिवशीपर्यंत नवरा स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलण्याइतका तयार झाला होता. ठाण्यात परत आल्यावर कापूरबावडीला त्याने तसंच केलं, तर समोरच्या रिक्षावाल्याला वाटलं गाडी बंद पडली.

हॉर्न विसरा. मेंढ्यांना वाजवला तरी त्या हलत नाहीत.

दाराची काळजी घ्या. वाऱ्याकडे पाठ करून गाडी उभी केलीत आणि दार उघडलंत, तर वारा ते हातातून हिसकावून उलटं फिरवतो, आणि बऱ्याच विम्यांत हे नुकसान येत नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

बॅग आणि डबा

छत्री नेऊ नका. पाऊस तिथं वरून पडत नाही, आडवा येतो. आपला घोडबंदरचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला पाऊस नवीन नाही, पण गार वारा नवीन आहे. एकच जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा अंगालगत गरम बनियन, वर लोकरीचं, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं, टोपीची दोरी आवळता येईल असं जॅकेट. ट्रेकचे पाणी न शिरणारे बूट. आईंना साडीच नेसायची होती. त्यांनी आत थर्मल, पायात बूट आणि वर रेनकोट अशी नऊवारीला लाजवेल अशी तडजोड केली.

आता खाणं. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर यांतलं काही नाही. तुपात केलेले बेसनलाडू वादात सापडण्यापेक्षा घरीच ठेवा. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोह्यांचा कोरडा चिवडा, डाळ-तांदूळ, तेलातल्या दशम्या आणि लसणाची चटणी एवढ्यावर आमचं भागलं. लेरविक आणि ऑर्कनीतल्या कर्कवॉलला मोठी सुपरमार्केट आहेत. बटाटे, कोबी, गाजर, दही, पाव सगळं मिळतं. पण तिथून बाहेर पडलात की गावातलं दुकान लहान, आणि रविवारी बंदही असू शकतं. म्हणून दूरच्या बेटावर जायच्या आदल्या दिवशी भाजी, दूध आणि पेट्रोल भरून घ्या.

खाणाऱ्यांनी मात्र तिथलं खावं. शेटलंडचे शिनाणे आपल्या कोळीवाड्यात कौतुक होईल असे असतात. 'रीस्टिट मटण' म्हणजे खारवून आढ्याला टांगून वाळवलेलं मटण, त्याचं बटाट्याबरोबर सार करतात. वाळवणाची परंपरा असलेल्या आपल्यासारख्या लोकांना ते लगेच कळतं. शाकाहाऱ्यांना बॅनक नावाची जाड भाकरी आहे, चुलीवरच्या भाकरीच्या वासाची नव्हे, पण गरम लोण्याबरोबर उत्तम.

विजेच्या प्लगला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. पैसे बहुतेक ठिकाणी कार्डाने. प्रवासविमा घेताना 'हवामानामुळे हुकलेला पुढचा प्रवास' हे कलम आहे का ते शोधा, बाकी रंगीत पत्रक नाही वाचलं तरी चालेल.

शेटलंडमध्ये दिवस कसे वाटायचे

एक शब्द आधी शिकून घ्या. तिथं 'मेनलँड' म्हणजे शेटलंडचं सगळ्यात मोठं बेट, स्कॉटलंड नव्हे. आणि 'द शेटलंड्स' म्हणू नका, नुसतं 'शेटलंड'. छोट्या गोष्टीला ते 'पिअरी' म्हणतात. हा शब्द दुकानात वापरलात की समोरचं माणूस हसतं आणि बोलायला लागतं.

पहिला दिवस दक्षिणेला. लेरविकहून सम्बरा 40 किलोमीटर. वाटेत मुख्य रस्ता चक्क विमानतळाची धावपट्टी ओलांडतो, विमान आलं की रेल्वे फाटकासारखं फाटक पडतं. मुलांना घेऊन गेलात तर अर्धा तास तिथंच जाईल, जाऊ द्या. जवळच यार्ल्सहॉफ आहे. कांस्ययुग, लोहयुग, व्हायकिंग, मध्ययुग, अशी चार हजारांहून जास्त वर्षांची वस्ती एकावर एक. वादळांनी किनारा खाल्ल्यावर उघडी पडली. मग सम्बरा हेडच्या दीपगृहाशी चढा. पफिन भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर असतात. दुपारी बरेच जण समुद्रावर असतात. संध्याकाळी सातनंतर जा, उजेड आहेच. कडा ठिसूळ असतो आणि बिळं कडेलाच असतात, त्यामुळे भिंत ओलांडू नका, कितीही फोटो दिसला तरी.

दुसरा दिवस मूसाचा. मूसा हे निर्मनुष्य बेट आहे, सँडविकहून छोटी बोट उन्हाळ्यात जाते. तिथला दगडी बुरूज, 'ब्रॉक', सुमारे 13 मीटर उंच आणि दोन हजार वर्षांहून जुना. चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड. भिंत दुहेरी असून आतून जिना वर जातो. आपल्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाने हे बांधकाम हात लावून बघावं. जूनमध्ये काही रात्री उशिरा बोट नेतात, तेव्हा चिमणीहून थोडेसेच मोठे वादळपक्षी समुद्रावरून येऊन त्या भिंतीतल्या फटींत शिरतात. भिंतच गुणगुणायला लागते. माझ्या दृष्टीने आख्ख्या सहलीतली एकच गोष्ट ठेवायची तर ही. जागा फार कमी, गाडीबरोबरच तिचंही बुकिंग करा.

तिसरा आणि चौथा उत्तरेला. टॉफ्टहून येल बेट, येलच्या पलीकडच्या टोकाहून अन्स्ट बेट, अशा बोटीच्या दोन लहान फेऱ्या. गाडीसकट चढायचं. बुकिंग केलेल्यांची रांग वेगळी असते, चुकीच्या रांगेत उभे राहिलात तर पुढची फेरी. अन्स्टला एक रात्र राहाच, एका दिवसात जाऊन येणारे फक्त रस्ता बघतात. हर्मनेसच्या पठारावर चालताना 'बॉन्क्सी' नावाचा मोठा, तपकिरी पक्षी घरटं जवळ असेल तर थेट डोक्यावर झेपावतो. काठी डोक्याच्या वर धरून चाला, तो सगळ्यात उंच वस्तूवर येतो. टोकाला गेल्यावर कड्यांवर हजारो गॅनेट पक्षी, आणि समुद्रात मकल फ्लगाचा दीपस्तंभ. त्यापुढे उत्तरेला ब्रिटनचं काही नाही, एक खडक सोडला तर.

परतताना बाल्टासाउंडचा बसथांबा बघा. एका शाळकरी मुलाच्या पत्रामुळे बांधला गेला, आणि मग गावकऱ्यांनी आत सोफा, पडदे, शोभेच्या वस्तू ठेवायला सुरुवात केली. दर काही काळाने सजावटीचा विषय बदलतात. आमच्या टीएमटीच्या थांब्यावरचं पत्र्याचं छप्पर गळतंय, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

पाचवा दिवस मोकळा. वारा कमी असेल तर सेंट निनियन्स आयलच्या वाळूच्या पट्टीवरून चालत जा, दोन्ही बाजूंना समुद्र. तिथं 1958 मध्ये एका शाळकरी मुलाला दगडाखाली चांदीच्या वस्तूंचा साठा सापडला. मूळ वस्तू आता एडिंबराच्या संग्रहालयात आहेत. वारा जास्त असेल तर लेरविकचं संग्रहालय आणि गरम चहा.

ऑर्कनी

लेरविकहून ऑर्कनीला थांबणारं जहाज कर्कवॉलला रात्री अकराच्या सुमारास पोचतं, आणि धक्का गावाबाहेर आहे. घरमालकाला उशिरा येणार असल्याचं आधी कळवा, टॅक्सी आधी सांगून ठेवा. इथं आम्ही दुसऱ्यांदा चुकलो असतो, आईंनीच विचारलं म्हणून सुटलो, "रात्री अकराला कोण उभं राहणार आहे आपल्यासाठी? ठाणे स्टेशन आहे का ते?"

ऑर्कनी हिरवं, सपाट, शेतांचं. इथं दगड बघायचे. स्कारा ब्रे हे 1850 च्या वादळात वाळूखालून उघडं पडलेलं गाव पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे. दगडी पलंग, दगडी मांडणी जागच्या जागी. ती मांडणी बघून आईंना त्यांच्या माहेरच्या फडताळाची आठवण झाली. रिंग ऑफ ब्रॉडगरचा दगडांचा गोल जवळच. मेसहाउ या थडग्यात मात्र फक्त आधी नोंदवलेल्या मार्गदर्शित फेरीनेच जाता येतं. आणि एक मोलाची सूचना: कर्कवॉलला मोठी क्रूझ जहाजं येतात, त्यांच्या तारखा बंदराच्या वेळापत्रकात असतात. त्या दिवशी सकाळी स्कारा ब्रेला जाऊ नका, दक्षिणेला चर्चिल बॅरियर्सवरून गाडी घालून इटालियन चॅपल बघायला जा. दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी दोन पत्र्याच्या झोपड्या जोडून ते रंगवलं.

हौस असेल तर वेस्ट्रे बेटावरून पापा वेस्ट्रे बेटावर विमानाने जा. अंतर 2.7 किलोमीटर, म्हणजे जेमतेम ठाणे ते मुलुंड. नियमित विमानसेवांमधलं जगातलं सगळ्यात छोटं उड्डाण हे, दोन मिनिटांच्या आत संपतं. आठ-नऊ जणांचं विमान. लोकलच्या दरवाज्यात उभं राहून मुलुंड गाठणाऱ्याला त्याचं काय वाटेल सांगता येत नाही, मला फार मजा आली.

परतीचा रस्ता आणि तो रिकामा दिवस

स्ट्रॉमनेसहून स्क्रॅबस्टरला सकाळचं जहाज घ्या आणि डावीकडे बसा. होय बेटाच्या कड्याला लागून 137 मीटर उंचीचा 'ओल्ड मॅन ऑफ होय' हा एकटा खांब त्याच बाजूने जातो. मग जवळच्या थर्सोहून रेल्वेने इन्व्हरनेस, पुढे एडिंबरा.

बेट सोडण्याचा दिवस आणि मुंबईच्या विमानाचा दिवस यांच्यात किमान एक पूर्ण रिकामा दिवस असलाच पाहिजे. आम्ही तो ठेवला नव्हता. शेवटच्या दिवशी वारा वाढला, जहाज काही तास उशिरा सुटलं, आमची रेल्वे गेली, आणि रात्री कुठल्यातरी फलाटावर दशमी-चटणी खात आम्ही नवं तिकीट शोधत बसलो. विमान मिळालं, कसंबसं. तो दिवस वापरावा लागला नाही तर एडिंबराच्या किल्ल्यावर घालवा, फुकट जात नाही.

स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा वेगळ्या असतात. त्या वैध आहेत, पण लंडनच्या एखाद्या दुकानात उलटसुलट करून बघतात. एडिंबरा सोडण्याआधी संपवून टाका. लोकरीचा स्वेटर घ्यायचा असेल तर शेटलंडमध्येच, विणणाऱ्याचं नाव पट्टीवर असलेला. आईंनी फेअर आयलच्या नक्षीची एकच टोपी घेतली. परत आल्यावर डिसेंबरात, ठाण्यात 18 अंश झाल्यावर, ती घालून त्या तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आल्या.